ताराबाईंचं बाळंतपण

आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमधल्या ताराबाई एकट्या जिवाच्या. जात रेड इअर्ड स्लायडर, मूळ गाव अमेरिकेतलं मिसिसिपीचं खोरं. अगदी पिल्लू असताना घरी आल्या, तेव्हापासून परकासवाची सावलीही अंगावर पडलेली नाही. म्हणूनच एक्स-रेत पोटभर अंडी दिसली तेव्हा आईनं खालच्या आवाजात विचारलं, "कोणाची हो?"

"कोंबडीसारखंच असतं," डॉक्टर म्हणाले. "नर नसला तरी अंडी होतात, फक्त पिल्लं निघत नाहीत." घराण्याची अब्रू वाचली.

ताराबाईंनी अन्न सोडलं होतं. मागच्या पायांनी दिवसभर टाकीची काच खरवडायच्या. आत्या अळिवाचे लाडू घेऊन आली. ते आम्हीच खाल्ले. डॉक्टरांनी सांगितलं कॅल्शियमसाठी समुद्रफेस, ते अंगी लागावं म्हणून यूव्हीबी दिवा, आणि मुख्य म्हणजे ओलसर माती-वाळूचं घमेलं, निदान कवचाच्या लांबीइतकं खोल. मनाजोगती जागा मिळाली नाही तर मादी अंडी धरून ठेवते. ती अडली की इंजेक्शन, कधी शस्त्रक्रिया, कधी जिवावरच बेततं.

लाडू मिळाले, दिवा मिळाला, माती मिळेना. सोसायटीनं इंच न् इंच जमिनीवर पेव्हर ब्लॉक बसवलेले. शेवटी नर्सरीत गेलो. "बिनखताची द्या."

"काय लावणार?"

"कासव."

त्यानं पैसे आधी घेतले.

मातीनंतरची मागणी होती एकांत, आणि तो तर मातीहून दुर्मीळ. ताराबाई घमेल्यात उतरल्या की शेजारच्या काकू मोबाइल सरसावून हजर. बाई थबकायच्या आणि परत पाण्यात. अखेर बाल्कनीला चादर लावून सगळ्यांना हाकललं. त्या रात्री त्यांनी मागच्या पायांनी खड्डा खणला, अंडी घातली, माती लोटून दाबली आणि वळूनही न बघता चालू लागल्या. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले माद्याही असंच करतात: अंडी वाळूत पुरायची आणि समुद्र गाठायचा. पुढचं पिल्लांनी बघावं.

सकाळी ताराबाईंनी भूक लागल्याची दवंडी पिटली आणि पालकाची जुडी फस्त केली. मी आईला सगळं सांगितलं. माझ्या डब्यात पोळ्या भरता भरता ती म्हणाली, "खड्डा बुजवला की सुटली? आणि इथे चाळिशीचं अंडं रोज विचारतंय, भाजी कुठली!"