अर्ध्या तासाचा दर्यावर्दी

गेटवेच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच अर्ध्या तासात अख्खं मुंबई बंदर ‘दाखवते’. वरच्या डेकचे पैसे वेगळे. खालीही वारा येतो, पण डिझेलची फोडणी देऊन. समोर १९०३ चं ताज, १९२४ चं गेटवे आणि दोन्हींकडे पाठ फिरवून सेल्फी काढणारी सगळी लाँच. नौदलाच्या जहाजांचे फोटो काढू नका म्हटलं, की खिशातले मोबाइलही बाहेर येतात. हिवाळ्यात सीगल पार हिमालयापलीकडून येतात. आमचे काका त्यांना गाठिया चारतात आणि वर पुण्यही पदरात पाडून घेतात. लाइफ जॅकेटने साडीची घडी मोडते, म्हणून ते मांडीवर. घारापुरी तेवढी बोटाने दाखवतात. सोमवार असेल तर हळहळही नको, लेणी बंदच असतात.