आठ रुपयांचा परतावा

बालशिक्षणावर सरकारी तिजोरीतून खर्च करणे कितपत किफायतशीर आहे, हा प्रश्न आपल्याकडील अर्थपंडितांस अधूनमधून पडतो, आणि तो पडला की परिसंवाद भरतो, मसलती झडतात, व तीन वर्षांच्या बालकाने आपल्यावरील खर्चाचा परतावा कोणत्या सालापासून रुजू करावा, याचा ऊहापोह अत्यंत गंभीर मुद्रेने केला जातो.

या खर्चातील एकच रकम घेऊ. अंगणवाडीतील बालकाच्या पूरक आहाराचा 2017 साली मुक्रर झालेला दर रोजी आठ रुपये. या आठ रुपयांनी पाचशे उष्मांक व बारा ते पंधरा ग्रॅम प्रथिने पैदा करावीत, सकाळचा नाश्ता द्यावा, दुपारची खिचडी गरम ठेवावी, डाळ, तेल, तिखटमीठ व जळण यांची बेगमी करावी, शिजवणाऱ्या बचत गटातील बायांचा मेहनताना भागवावा आणि बिल थकले तर वाण्याकडे आपली पतही सांभाळावी, अशी अपेक्षा असते. इतके कर्तृत्व ज्या आठ रुपयांत आहे, त्यांनाच खरे तर अर्थखात्यात एखादी वरिष्ठ जागा द्यावयास हवी! शिवाय त्यांच्यावर पहारा केवढा! बालकाची हजेरी, वजन, उंची, सारे मोबाइलवर चढवावे लागते; रेंज गेली की पोटभर जेवून घरी गेलेले पोर दफ्तरी उपाशीच राहते, आणि त्याची कैफियत सेविकेने द्यावयाची.

त्याच सेविकेने घरोघर जाऊन गरोदर स्त्रियांची नोंद घ्यावयाची, लसीकरणाच्या दिवशी पोरे गोळा करावयाची, वरून येईल त्या सर्वेक्षणाचे तक्ते भरावयाचे, आणि दिवस उरलाच तर बडबडगीत शिकवावयाचे. मग कोणी विद्वान येतो, पोरास रंग ओळखता येत नाहीत असे पाहतो, आणि सरकारी बालशिक्षण निष्फळ असल्याचा निर्वाळा देतो. अहो, शिकवण्यास तुम्ही वेळ दिला नाही, पुरेसा पैसा दिला नाही, कित्येक ठिकाणी धड छप्परही दिले नाही. भांडवलच न घालता नफ्यातोट्याचा ताळेबंद मागण्याचा हा निर्लज्जपणा कोणत्या अर्थशास्त्रात बसतो?

सहा वर्षांखालील बालकांच्या संगोपनाची व शिक्षणाची तरतूद करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे घटनेचे 45 वे कलम 2002 च्या दुरुस्तीपासून सांगते. तो प्रयत्न मनापासून होईपर्यंत परताव्याचा विषय तहकूब ठेवावा, आणि पुढील परिसंवादाचा अल्पोपाहार माणशी आठ रुपयांत, इंधनासह, उरकावा.