कणगीचा फोटो राहिला

जानेवारी आला की वडगाव मावळच्या रस्त्याला 1779 च्या विजयाचे फ्लेक्स लागतात. मध्यभागी उधळलेला घोडा. घोड्याच्या पोटाखाली शुभेच्छुक, शेपटीपाशी इच्छुक. इंग्रज बिचारे पळून पळून कोपऱ्यातल्या मंडपवाल्याच्या मोबाइल नंबरात अडकलेले.

विजय खराच होता. मुंबईहून बोरघाट चढून आलेली इंग्रज फौज तळेगावपर्यंत पोचली, तिथून मागे फिरली आणि वडगावात कोंडली गेली. तह करून सुटली. आता ही फौज आणली कुणी? पुण्याची गादी हवी असलेल्या आपल्याच माणसानं. त्याला फ्लेक्सवर घ्यायचं तर इच्छुकांतच बसवावं लागेल, ते सोडा.

आमची तक्रार कणगीची आहे. शत्रूच्या हाती दाणा लागू नये म्हणून तळेगाव आपणच पेटवलं होतं. डाव अचूक होता, शंकाच नाही. पण जानेवारी म्हणजे भात झोडून कणगीत भरल्याचे दिवस. ती कणगी कुणाची? काडी लावताना मालकाला विचारलं होतं का? त्याच्या बायकोनं त्या रात्री चुलीवर काय ठेवलं? पंचनामा झाला का? तेव्हा ऑनलाइन अर्ज नव्हता, म्हणजे झालाही असेल! फ्लेक्सवरच्या घोड्याला झूल आहे, तुरा आहे, गळ्यात मोती आहेत. त्याची चंदी कुणाच्या घरातून आली, एवढं मात्र डिझाइनवाल्याला कुणी सांगितलं नाही.

मार्च 1818 चा फ्लेक्स तर कधीच लागत नाही. विसापूर पडला आणि पाठोपाठ लोहगड न लढता गेला. लोहगडाचे दरवाजे शाबूत आहेत, म्हणून रविवारी तिथे सेल्फीला रांग. विसापूरचे दरवाजे इंग्रजांनी सुरुंग लावून उडवले. दरवाजा नाही म्हणून फोटो नाही आणि फोटो नाही म्हणून इतिहासही नाही.

बरं, हे जुनं झालं. पवना धरणात मावळची गावं गेली, त्याच पाण्याच्या काठावर आता तंबू ठोकून पर्यटकांचं बार्बेक्यू चालतं. मावळानं द्यायचं, भलत्यानं जेवायचं आणि मावळानं वर अभिमानही बाळगायचा, हा कुठला न्याय? पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून नेण्याला विरोध करणारे तीन शेतकरी 9 ऑगस्ट 2011 ला बऊरपाशी, द्रुतगती मार्गावर, गोळीबारात मेले. तेव्हा समोर इंग्रज नव्हता.