निवृत्त राजधानी

गावांनाही हुद्दे असते, तर दौलताबादच्या पाटीखाली बारीक अक्षरांत ‘निवृत्त राजधानी’ असं लिहावं लागलं असतं. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे निघालं की पंधराएक किलोमीटरवर हे गाव लागतं. किल्ला सगळ्यांना दिसतो, गाव कुणालाच दिसत नाही. शेजारीच एवढा उंच म्हटल्यावर दुसरं काय होणार!

एरवी गावाचा बायोडेटा भारदस्त आहे. यादवांच्या पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या शेवटी इथं राजधानी थाटली, तेव्हा ही देवगिरी. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी येऊन तिजोरी हलकी करून गेला. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने दिल्लीचा दरबारच इथं आणला. अमीर, कारकून, सुफी, कारागीर सगळे बाडबिस्तऱ्यासह. माणसं जेमतेम रुळली, तोच राजधानी परत दिल्लीला. सरकारी नोकरीत बदल्या भोगलेल्या वाचकांना जास्त सांगायला नको. मात्र सगळेच परतले नाहीत. सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब जवळच्या खुलताबादच्या मातीत विसावले. कागद करणाऱ्यांची वस्ती झाली, ती जवळच्या कागजीपुऱ्यात. हातकागदाची ओळख त्या गावाने अजून सोडलेली नाही.

पुढे प्रवासी इब्न बतूता येऊन गेला. इथल्या तुरुंगातले उंदीर मांजरांनाही पळवून लावतात, असं त्याने नोंदवून ठेवलं. पर्यटनखात्याने हा मजकूर फलकावर लावायला हरकत नव्हती.

एवढं सगळं पाहिलेल्या गावाला आता कशाचं अप्रूप नाही. वेरूळचा रस्ता इथल्या दिल्ली दरवाजातूनच जातो. दिल्ली उठून आली तेव्हा काय रेटारेटी झाली असेल, ते पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी बघून घ्यावं. दरवाजा मध्ययुगाच्या मापाचा, बस आपल्या काळातली. समोरचा मागे हटत नाही, मागचा हॉर्न सोडत नाही. अशा वेळी गावातलाच कुणीतरी पुढे होतो. “येऊ द्या, येऊ द्या, अजून चार बोटं हायेत!” बस निघते, आणि हा पुन्हा चहाच्या ग्लासाकडे वळतो.

गावाचं खरं वैभव सीताफळ. हे फळ अमेरिकेकडून आलं म्हणतात. म्हणजे यादवांच्या रामदेवरायाला एवढं राज्य मिळालं, पण सीताफळ काही मिळालं नाही. रस्त्याकडेला टोपली मांडून बसलेल्या मावशींना मी विचारलं, “गोड आहे का?”

“दौलताबादचं हाये, दादा.”

प्रश्न तिथंच निकालात! मग त्यांनी एकेक फळ हातात घेऊन फिरवलं आणि दोन वाटे केले: डोळे उघडलेली आज खायला, मिटलेली परवासाठी. भाव कमी झाला नाही. एक फळ मात्र वर पडलं.

तेव्हा जायचंच तर रविवार टाळा, दसरा-दिवाळीच्या सुमारास जा, आणि डोळे मिटलेलीही थोडी घ्या. घरी पोचेपर्यंत उघडलेली उरत नाहीत.