दोनशे पाच स्थितप्रज्ञ

एखाद्या ठरावाच्या बाजूने १९६ मते पडावीत, विरुद्ध एकही पडू नये, आणि तरीही तो ठराव फेटाळला गेल्याचे अध्यक्षांनी गंभीर मुद्रेने जाहीर करावे, असा प्रसंग आमच्या शाळेतील गणिताच्या मास्तरांना कोणी सांगितला असता तर त्यांनी सांगणाऱ्यालाच बाकावर उभे केले असते. परंतु ११ मे १९९३ रोजी आपल्या लोकसभेत हा प्रसंग यथासांग घडला, आणि त्या गणिताबद्दल बाकावर कोणीही उभे राहिले नाही. किंबहुना त्या दिवशीची सारी करामत बाकावर स्वस्थ बसून राहण्यातच होती.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांचे. पंजाब व हरयाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असताना चंदीगडच्या सरकारी निवासस्थानासाठी गालिचे, फर्निचर वगैरे सरंजाम जमवताना, आणि चोपदारांच्या हाती द्यावयाचे चांदीचे दंड खरेदी करताना, सरकारी खजिन्यावर त्यांचा हात अंमळ सैल सुटला, अशी मुख्य तक्रार होती. (चोपदाराच्या हाती चांदीचा दंड असल्याखेरीज न्यायदेवतेला कचेरीची वाट सापडत नाही, हे आम्ही जाणतो, शिवाय तिच्या डोळ्यांवर पट्टी असते, त्यामुळे गालिचा चांगला जाड असणे तिच्याच हिताचे.) त्यांना पदावरून दूर करण्याच्या ठरावावर १०८ खासदारांनी सह्या केल्या, तेव्हाचे लोकसभाध्यक्ष रवि राय यांनी मार्च १९९१ मध्ये चौकशी समिती नेमली, पाठोपाठ लोकसभाच विसर्जित झाली, मग ठराव जिवंत की मृत याचा निवाडा खुद्द सर्वोच्च न्यायालयाला करावा लागला, आणि एवढे सोपस्कार उरकल्यावर न्या. पी. बी. सावंत यांच्या त्रिसदस्य समितीने सविस्तर तहकीकात करून १४ पैकी ११ आरोप शाबीत झाल्याचे लिहून दिले. वकील आपल्या बिरादरीतील माणसाविरुद्ध वकीलपत्र घ्यायला नाखूष असतो. येथे तर न्यायाधीशांनीच न्यायाधीशाविरुद्ध अकरा वेळा ‘शाबीत’ हा शब्द लिहिला होता.

सोमनाथ चटर्जी यांनी ठराव मांडला. रामस्वामींच्या बाजूने कपिल सिब्बल यांनी सभागृहाच्या कठड्याशी उभे राहून तासन्‌तास युक्तिवाद केला. अध्यक्षस्थानी आमच्या लातूरचे शिवराज पाटील होते, म्हणजे सभ्यतेत काही उणे पडण्याचा संभवच नव्हता. एका दाक्षिणात्य माणसावर उत्तरेचा रोष आहे, अशीही कुजबुज मधल्यामध्ये सोडून झाली. एकदा दिशा पुढे आल्या की हिशेब मागे पडतो. आणि मग मतदान झाले. उपस्थित ४०१, ठरावाच्या बाजूने १९६, विरुद्ध शून्य, आणि काँग्रेस व तिच्या मित्रपक्षांचे मिळून २०५ सभासद तटस्थ.

घटनेच्या १२४ व्या अनुच्छेदाने अशा ठरावाला दोन अटी घातल्या आहेत. मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते ठरावाला मिळाली पाहिजेत. येथे दोन कशाला, तीन तृतीयांश मिळाली होती. दुसरी अट सभागृहाच्या एकूण सभासदसंख्येच्या बहुमताची, आणि ठराव बुडाला तो या दुसऱ्या अटीच्या डोहात. ‘हा गृहस्थ निर्दोष आहे’ असे म्हणण्याची छाती ४०१ जणांत एकालाही झाली नाही, आणि ‘हा दोषी आहे’ असे म्हणण्याची मुभा २०५ जणांना नव्हती. तेव्हा कासव ज्याप्रमाणे आपले अवयव आत ओढून घेते त्याप्रमाणे या मंडळींनी आपापली बोटे आत ओढून घेतली, आणि सुखदुःख, लाभहानी, चंदीगड आणि गालिचा यांच्या पलीकडील अवस्थेत ती काही क्षण लीन झाली. एवढे स्थितप्रज्ञ एका छपराखाली नैमिषारण्यातही जमले नसावेत.

त्यांच्या पक्षाच्या वतीने सांगण्यात आले ते असे की, हा ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकबुद्धीचा प्रश्न. आता ही बुद्धी मोठी लहरी असते, असा आमचा घरगुती अनुभव आहे. आमची स्वतःची कधी पहाटे तीनला जागी होते, कधी महिनोन्‌महिने होत नाही. परंतु २०५ जणांची विवेकबुद्धी एकाच क्षणी एकाच कुशीवर वळून निजली, हा योग पंचांगकर्त्यांनी नोंदवून ठेवावा असा आहे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, समोरच्या बाकांवरील १९६ विवेकबुद्ध्यासुद्धा तितक्याच कवायतीने जाग्या झाल्या होत्या. तिकडे पहाटेचा भोंगा होता, इकडे अंगाई, इतकाच काय तो भेद.

प्रतोद हा शब्द आपण पक्षाच्या शिस्तरक्षकासाठी मोठ्या अदबीने वापरतो. त्याचा मूळ अर्थ जनावर हाकण्याचा आसूड किंवा पराणी, हे संस्कृतच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते आणि खासदाराला पाठीने ठाऊक असते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने या पराणीला पोलादी टोक बसवले: पक्षादेशाविरुद्ध मत दिले, किंवा देण्याचे टाळले, तरी सभासदत्व जाण्याची टांगती तलवार. एखाद्याला दूर करावे की नाही याचा निवाडा करताना सभागृह न्यायासनाच्या जागी असते, तेथे आसूड शोभत नाही, असे कायदेपंडित म्हणतात. पण मुरलेल्या बैलाला आसूड दिसावाही लागत नाही, गाडीवानाने नुसता घसा खाकरला तरी तो वळणावर वळतो.

या गाडीचे त्या वेळचे सारथी पंतप्रधान नरसिंह राव हे बहुभाषाकोविद. रामटेकचे खासदार राहिलेले, मराठी उत्तम जाणणारे, आणि हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरीचा तेलुगू अनुवाद करणारे. अनुवादक मूळ ग्रंथाशी एकरूप होतो म्हणतात. सावंत समितीचा अहवाल सभागृहापुढे आला तेव्हा त्यांच्या पक्षाने सबंध कादंबरीची नव्हे, तरी तिच्या शीर्षकाची आठवण जागी ठेवली.

तटस्थतेचे हे शास्त्र मात्र सर्व ऋतूंत सारखे फलद्रूप होत नाही. पुढे अवघ्या अडीच महिन्यांनी, २८ जुलैला, राव सरकारवरील अविश्वासाचा ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी पडला, आणि काही खासदारांनी सरकारच्या बाजूने मत देण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप झाला. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, लाच घेऊन ज्यांनी मत दिले त्यांना संसदीय विशेषाधिकाराचे कवच आहे. ज्याने मतच दिले नाही त्याला ते नाही. म्हणजे मे महिन्यात जे स्वस्थ बसणे परम पुण्यप्रद ठरले, तेच जुलैमध्ये खटल्याला कारण झाले. पैसे घेऊन बेइमानी करावयाची तरी ती बटण दाबून, शब्दाला जागून करावी, असा त्याचा अर्थ आम्ही पामरांनी घेतला. हा निर्णय फिरवायला २०२४ चा मार्च उजाडावा लागला. मधल्या काळात, २०११ साली, न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा ठराव राज्यसभेने प्रचंड बहुमताने मंजूर केला. त्यात बड्या पक्षांपैकी कोणाचेच काही अडकलेले नव्हते, त्यामुळे तत्त्वनिष्ठेला वाटेत कोणी हटकले नाही. रामस्वामी मात्र नियत वयोमानानुसार, रीतसर, १९९४ च्या फेब्रुवारीत निवृत्त झाले.

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी संस्थेच्या दुरुस्ती निधीतून ‘कार्यालयासाठी’ घेतलेला सोफा त्यांच्याच दिवाणखान्यात विराजमान असल्याचे उघड झाले, तेव्हा वार्षिक सभेत जाब विचारणारा ठराव आला. बाजूने हात वर करा म्हटल्यावर तळमजल्यावरचे चौघे, ज्यांच्या छतातून पाणी गळते, हात वर करून उभे राहिले. विरुद्ध कोण, असे विचारल्यावर सभागृहातील उरलेले सदतीस जण एकाएकी सतरंजीखाली काहीतरी शोधू लागले. कोणाची चप्पल हरवली, कोणाचा चष्मा, आणि आमचे शेजारी तर आपला स्वतःचा नातू शोधत होते, जो त्यांच्या मांडीवर बसला होता. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिले: ‘बाजूने चार, विरुद्ध कोणी नाही, सबब ठराव नामंजूर.’ सह्यांसाठी वही फिरत माझ्याकडे आली तेव्हा खिशात पेन सापडेना. चेअरमनसाहेबांनी आपले पुढे केले. चांगले वजनदार होते, टोपणाला चांदीचा मुलामा असलेले.