तीन पिशव्या माती

१९७३ साली अख्खा मराठवाडा खणत होता. बहात्तरच्या दुष्काळाची झळ ओसरली नव्हती. माणसं पाझर तलावाच्या कामावर पाट्या वाहत होती, खडी फोडत होती आणि संध्याकाळी सुकडी घेऊन घरी परतत होती. त्याच साली भोकरदनमध्ये आणखी एक खोदकाम निघालं. तिथल्या लोकांना पाणीही नको होतं आणि खडीही. त्यांना हवं होतं भोगवर्धन, म्हणजे आपलंच गाव, पण दोन हजार वर्षांपूर्वीचं. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या यादीत ज्याचं नाव कोरलेलं आहे ते.

शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या देखरेखीखाली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी हे काम केलं. मणी निघाले, शंखाचे दागिने निघाले, हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तशीच एक मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या राखेतून निघाली होती. म्हणजे व्हेसुव्हिअसनं ते शहर इसवी सन ७९ मध्ये गाडलं, त्याच्या आधीच हस्तिदंताचा हा माल तिकडे पोचला होता. ती मूर्तीही मूळची भोकरदनचीच, असं ढवळीकरांसारख्या अभ्यासकाचं मत आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे काजळे यांनी इथल्या मातीतले जळके दाणे तपासून त्या काळचे लोक काय पिकवत होते याचा हिशोब मांडला. आणि १९७४ साली या सगळ्याचा ग्रंथ छापून बाहेर! एका वर्षी खोदलं, दुसऱ्या वर्षी पुस्तक. दोन विद्यापीठांची नावं एकाच मुखपृष्ठावर भांडण न होता आली, हा माझ्या मते त्या उत्खननातला सर्वात दुर्मिळ ऐवज. तसा दुसरा नमुना पुढे कुठल्या थरात सापडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

हे सगळं आठवण्याचं कारण म्हणजे आमचा भाचा. तो पीएच.डी. करतोय. कशात करतोय हे विचारायचं नसतं, कारण विषय मंजूर व्हायचा आहे. आधी त्यानं भूगर्भशास्त्र म्हणून अर्ज लिहिला. गाइड म्हणाले, नुसतं भूगर्भशास्त्र आता चालत नाही, त्यात थोडी वनस्पती घाला. घातली. मग समितीतल्या एका सरांनी त्यात अभियांत्रिकी दिसत नाही म्हणून खेद व्यक्त केला. आता त्याच्या विषयाचं शीर्षक साडेतीन ओळींचं झालं आहे, आणि त्यात भोकरदन हा शब्द शेवटून दुसरा येतो.

भाचा मेहनती आहे, हे मामा म्हणून नाही, शेजारी म्हणून सांगतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनी त्याला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं दिली आहेत. देव-गुप्त्यांनी जेवढ्या वेळात एक प्राचीन शहर जमिनीबाहेर काढून कागदावर आणलं, तेवढ्यात भाच्याच्या सिनॉप्सिसवर दोन सह्या झाल्या. तिसरी सही करणारे सर निवृत्त झाले.

आणि हे सगळं प्रवेश मिळाल्यानंतरचं. अधिछात्रवृत्ती मिळवणं ही आणखी वेगळीच विद्याशाखा. बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या संशोधकांसाठी २४ डिसेंबर २०२३ रोजी चाळणी परीक्षा झाली. पेपर हातात पडताच पोरांनी तो ओळखला. २०१९ च्या सेट परीक्षेचाच तो पेपर होता. परीक्षा रद्द झाली. १० जानेवारीला पुन्हा ठेवली, तर काही संचांना सीलच नव्हतं, म्हणून पोरांनी बहिष्कार टाकला. आता गंमत अशी की, प्रबंधात दुसऱ्याचं लिखाण १० टक्क्यांच्या वर आढळलं तर यूजीसीचे २०१८ चे नियम संशोधकाचा कान धरतात, आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द करतात. वाङ्मयचौर्य करू नये हे ज्यांना शिकवायचं, त्यांची निवड करणाऱ्या प्रश्नपत्रिकेला मात्र टक्केवारीची अट नाही. त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवारांनी, पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, असं विचारलं होतं. प्रश्न रास्तच होता. तो परीक्षा घेणाऱ्यांना विचारायचा तेवढा राहून गेला.

असो. मला सांगायचंय ते तात्यांबद्दल. केळना नदीच्या अंगाला तात्यांचं रान आहे. काळी, चिकट, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटणारी जमीन. मध्यंतरी त्यांच्या बांधावर एक मुलगा आला. स्थापत्य अभियांत्रिकीचा. काळी माती फुगते आणि घराच्या भिंतींना तडे जातात, त्यावर उपाय शोधतोय म्हणाला. तात्यांनी त्याला आधी आपल्या घराची भिंत दाखवली. मुलाला आनंद झाला. त्यानं तड्याचे फोटो काढले आणि एक पिशवी माती नेली.

पुढच्या महिन्यात एक मुलगी आली, वनस्पतिशास्त्राची. मिरचीच्या मुळांभोवती कोणत्या बुरशा असतात, हा तिचा विषय. तिनं दुसरी पिशवी नेली. मग भूगर्भशास्त्राचा मुलगा आला. बेसाल्टचा दगड झिजून माती कशी होते हे त्याला बघायचं होतं. तिसरी पिशवी त्याची. तिघांच्याही पिशव्यांत एकच चिकणमाती होती. शास्त्रात तिला मॉन्टमोरिलोनाइट म्हणतात, पाणी पिऊन फुगायचा गुण तिचाच. भिंत तीच फोडते, मिरचीच्या मुळाशी पाणी तीच धरून ठेवते आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची राख-रांगोळी म्हणाल तर तीही तीच. तिघं मात्र एकमेकांना ओळखत नव्हते. एकाच विद्यापीठाच्या तीन इमारतींत बसत होते, आणि मधल्या रस्त्यावर कँटीन नव्हतं.

‘‘एकाच गाडीत आले असते तर पेट्रोल तरी वाचलं असतं,’’ तात्या म्हणाले. मग हळूच विचारलं, ‘‘का रे, त्या तिघांतल्या एकानं तरी कळवलं का, माती कशी हाय म्हणून?’’

कळवणार कसं? त्यांचे प्रबंध शोधगंगा नावाच्या संकेतस्थळावर विसर्जित झाले असणार. गंगेत गेलेलं कोणी परत मागत नाही.

तात्यांचं स्वतःचं संशोधन मात्र चालू आहे, आणि तिन्ही विद्याशाखांत. यूजीसीला हे कळलं तर त्यांची नोंदणी पूर्वलक्षी प्रभावानं करावी लागेल. भूशास्त्रापासून सुरू करू, कारण खर्च तिथे सर्वात जास्त. तात्यांचे गाइड म्हणजे पाणाड्या. पायाळू जन्मलेला. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालतो, जिथे नारळ उभा राहील तिथे खूण करतो. मग तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची बोअरची गाडी येते आणि रात्रभर कॉम्प्रेसर धडधडतो. आधी काळी माती, मग मुरूम, मग लाल गेरूचा पट्टा, मग नुसता काळा फत्तर. आपल्याकडचं बहुतेक पाणी वरच्या झिजलेल्या, फटींच्या दगडात असतं, आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात. खालच्या एकसंध फत्तरात ते शोधणं म्हणजे तहसीलच्या पायरीवर बसून साहेबांची वाट बघणं. पण गाडी दारात उभी असली की भाऊबंद म्हणतात, अजून पन्नास फूट मारून बघ, आणि तात्या मारतात. २००९ च्या भूजल कायद्यानं ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांपलीकडच्या विहिरीला ‘खोल विहीर’ म्हणून तिच्यावर बंधनं घातली आहेत. आमच्या भागात २०० फूट ही बोअरची सुरुवात समजली जाते. कायदा बहुधा वरूनच वाचला जातो.

पहाटेपर्यंत पांढरा धुरळा निघतो. गाडीवाला पैसे मोजून घेतो. इथे मला खरोखर हळहळ वाटते. कोयनेच्या परिसरात भूकंप समजावा म्हणून शास्त्रज्ञांनी दीड-दीड किलोमीटर खोल भोकं पाडली, त्यातून निघालेल्या दगडांच्या कांड्या क्रमांक घालून कराडला जपून ठेवल्या. योग्यच केलं. भोकरदन तालुक्यात मात्र कोट्यवधी वर्षांचा दगड रोज रात्री शेतकऱ्याच्या कर्जानं फोडला जातो आणि त्याचा भुगा वाऱ्यावर जातो. किती फुटांवर मुरूम संपला, कुठे गेरू लागला, हे एका वहीत कोणी उतरवून घेतलं असतं, तरी तालुक्याचा पोटातला नकाशा फुकटात तयार झाला असता. भाच्याला मी हे सुचवलं. तो म्हणाला, ‘‘मामा, यात नॉव्हेल्टी नाही.’’

वनस्पतिशास्त्रात तात्या जास्त अनुभवी. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तिचा जालन्याशी संबंध सगळ्यांना ठाऊक आहे. भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको काढली, पुढे बीटी कपाशी आणणारी कंपनी हीच, आणि १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळवला. पीएच.डी. नव्हती त्यांच्याकडे, आता विचार केला तर त्यांना आमच्या एखाद्या महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशोबावरसुद्धा घेतलं नसतं. तर, बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅमची बिगर-बीटीची छोटी पुडी यायची. ती कडेनं पेरायची. कारण काय, तर बोंडअळीच्या काही पिढ्या तिथे सुखानं वाढाव्यात, त्यांचा बीटीला पचवून उरलेल्या अळ्यांच्या पतंगांशी संकर व्हावा आणि सहनशक्ती पुढच्या पिढीत पसरू नये. अतिशय सुंदर शास्त्र. पण कोरडवाहू शेतकऱ्याला, तुझ्या पाच ओळी अळीला खाऊ घाल, हे समजावून सांगायचं काम कोणाकडे होतं? दुकानदाराकडे. त्यानं पुडी हातात देऊन सांगितलं, ‘‘ही फ्री आहे.’’ फ्री म्हटल्यावर ती कोनाड्यात गेली. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्राची कपाशी पोखरली, तेव्हा परिसंवाद झाले, पंचनामे झाले. कोनाड्यातली पुडी उंदरांनी आधीच संपवली होती.

मिरचीवर तात्यांचे प्रयोग अधिक धाडसी. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात भाव चढला की तालुकाभर मिरची लागते, आणि मिरची लागली की कोकडा येतो. पानं आकसली की तात्या एकाच पंपात पाच औषधं घालतात. फुलकिडीचं, कोळ्याचं, पांढऱ्या माशीचं, बुरशीचं, आणि एक टॉनिक, दुकानदाराच्या मेव्हण्याचं. पाचांपैकी कशानं फरक पडला हे कळायचा मार्ग नाही. पण त्यांच्या प्रयोगाला कंट्रोल प्लॉट नाही असं मात्र कोणी म्हणू नये. बांधापलीकडे भावाचं रान आहे. तो तात्यांनी मारलेलं कधीच मारत नाही.

अभियांत्रिकी थोडक्यात. रात्री दोनला थ्री-फेज येते, म्हणून मोबाइलवरून मोटर सुरू करायचा ऑटो बसवला. मोबाइलला रेंज नसते, म्हणून तात्या रात्री दोनला मोटर सुरू करायला शेतातच जातात. प्रयोग यशस्वी.

बरं, सगळंच वाया जातं असं नाही. इथून जवळच बदनापूरला कडधान्याचं संशोधन केंद्र आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं. तिथल्या लोकांनी तुरीचा वांझ रोग वर्षानुवर्षं रानात राबून हाताळला. त्यातून बीएसएमआर ७३६ आली, पुढे बीडीएन ७११ आली. आमच्याकडे कोणी तूर पेरायला निघाला की ‘‘सातशे अकरा हाय का?’’ असंच विचारतो. ती कोणी काढली, त्यांचे शोधनिबंध किती, त्यांचा एच-इंडेक्स काय, हे कोणालाच माहीत नाही. त्या शास्त्रज्ञांना माहीत असेल, आणि पदोन्नतीच्या मुलाखतीत तेवढंच विचारलंही गेलं असेल. पण ‘सातशे अकरा’ हा वाण नाव घेऊन दुकानात मागितला जातो, आणि दुकानदारालासुद्धा त्याच्यासोबत मेव्हण्याचं टॉनिक खपवताना जरा विचार करावा लागतो.

भाच्याला मी ही सगळी मंडळी दाखवली. म्हटलं, तुझा साडेतीन ओळींचा विषय या एका रानात उभा आहे, तात्यांचं बोट धर आणि लिही. संदर्भ म्हणून १९७४ चा तो ग्रंथही दिला. त्यानं प्रामाणिकपणे सिनॉप्सिसमध्ये घातला. समितीकडून परत आला, लाल शाईत शेरा: ‘‘संदर्भ जुने. गेल्या पाच वर्षांतले जोडावेत. आंतरराष्ट्रीय संदर्भ असल्यास उत्तम.’’ मी म्हटलं, पॉम्पेई टाक. इसवी सन ७९ आहे, पण आंतरराष्ट्रीय आहे.

परवा तात्यांच्या बांधावर चौथा मुलगा आला. समाजशास्त्राचा. पिशवी नव्हती त्याच्याकडे, छापील प्रश्नावली होती. विषय: ‘मराठवाड्यातील शेतकऱ्यांची कृषी संशोधनाविषयीची उदासीनता’. तात्यांनी त्याला सावलीत बसवलं, चहा पाजला आणि चष्मा लावून सगळी पानं वाचली. निरक्षरता, अंधश्रद्धा, वेळेचा अभाव, आर्थिक स्थिती, असे पर्याय होते. सगळ्यात खाली ‘इतर (तपशील द्यावा)’. तात्यांनी तिथे टिक केली आणि तपशिलासाठी सोडलेल्या दोन ओळींत मोठ्या अक्षरात लिहिलं:

‘‘आधीच्या तिघांचे रिझल्ट आणून दे. मंग तुझे सगळे प्रश्न भरून देतो.’’