कार्यसंस्कृतीचे अपडाऊन

कर्मचाऱ्यांना हवीहवीशी वाटणारी कार्यसंस्कृती कशी घडवावी, हे शिकायला पुण्या-मुंबईच्या कंपन्या तज्ज्ञांना पैसे मोजतात. त्यांनी एकदा नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावी, सरकारी कार्यालयात यावे. राज्य सरकारने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा दिला आणि बदल्यात कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा केली. आठवडा सर्वांनी मनापासून स्वीकारला; वेळेचे मात्र नांदेडच्या गाडीवर अवलंबून. मुख्यालयी राहण्याचा नियम गावात कायम मुक्कामी असतो, अपडाऊन फक्त साहेब करतात. पुढे २०२५ मध्ये सरकारी कार्यालये सुधारण्याचा सात कलमी कार्यक्रम आला आणि कपाटांवरची धूळ हलली. माणसे टिकवायची असतील, तर आणखी एका परिपत्रकापेक्षा गावात राहण्याजोगी घरे, बरी शाळा आणि चालता दवाखाना द्या.